गाडीच्या दारावरची पाच बटणं

अमेरिकेतल्या श्रोत्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो. सेकंडहँड फोर्ड घेतली, ड्रायव्हरच्या दारावर आकड्यांची बटणं आहेत, पण कोडच माहीत नाही. आता काय? माझ्याकडेही अशीच जुनी एक्सप्लोरर आहे, तेव्हा आज यावरच बोलू.

फोर्डने हा कीपॅड १९८०च्या मॉडेलांत आणला, थंडरबर्ड आणि लिंकनच्या गाड्यांवर. बटणं पाचच, प्रत्येकावर दोन आकडे: १-२, ३-४, ५-६, ७-८, ९-०. गाडीला आकडा कळत नाही, बटण कळतं. म्हणजे १३५७९ आणि २४६८० हा तिच्या लेखी एकच कोड! कोड पाच आकडी, त्यामुळे शक्यता ३१२५. वाटेल, दाबत बसलं की कधीतरी उघडेल. पण सलग ३५ बटणं चुकीची दाबली की कीपॅड मिनिटभर गप्प बसतो.

मग कोड शोधायचा कुठे? कारखान्यातून आलेला मूळ कोड एका छोट्या कार्डावर असतो. ग्लोव्ह बॉक्समधल्या मॅन्युअलच्या पाकिटात आधी बघा. कार्ड नसेल तर बऱ्याच नव्या मॉडेलांत प्रोग्रॅम केलेल्या दोन्ही किल्ल्या वापरून तो डॅशबोर्डच्या पडद्यावर आणता येतो. तेही जमलं नाही, तर मालकीची कागदपत्रं घेऊन डीलरकडे जायचं.

मूळ कोड मिळाला की पुढचं सोपं. तो दाबा, पाच सेकंदांच्या आत १-२ दाबा, आणि लगेच स्वतःचे पाच आकडे टाका. झालं. कोड टाकल्यावर ड्रायव्हरचं दार उघडतं. लगेच ३-४ दाबलं की बाकीची दारं, ५-६ दाबलं की डिकी. बंद करायला ७-८ आणि ९-० एकदम दाबायची.

आता खरं महत्त्वाचं. तुमचा कोड टाकला म्हणून मूळ कोड जात नाही. तो चालूच राहतो. शिवाय नव्या मॉडेलांत एकापेक्षा जास्त खासगी कोड ठेवता येतात, त्यामुळे जुन्या मालकाचा कोडही आत असू शकतो. गाडी घेतल्याबरोबर मी पहिल्यांदा सगळे खासगी कोड पुसले. पुसायची बटणं मॉडेलप्रमाणे बदलतात, मॅन्युअल बघून करा.

कुणी म्हणेल, नुसत्या कोडने इंजिन थोडंच सुरू होतं? बहुतेक गाड्यांत नाही होत. पण आत गॅरेजचा रिमोट असतो आणि रजिस्ट्रेशनवर घरचा पत्ता. दोन्ही हातात आले की गाडीचं दार म्हणजे घराचंच दार. म्हणून ते कार्ड ग्लोव्ह बॉक्समधून काढा आणि घरी ठेवा. कोडसाठी जन्मसाल किंवा घर नंबर नको.

आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला कोड पाठ हवा. किल्ली आत, बाळ मागच्या सीटवर, दारं लॉक आणि बाहेर ऊन, अशा वेळी हीच पाच बटणं कामाला येतात. तरीही दार उघडलं नाही, तर वाट बघू नका, लगेच ९११ फिरवा.

आज घरी गेल्यावर एवढं कराच. भेटू पुढच्या भागात!