नावडत्या माणसासाठीही



२३ सप्टेंबर २०२४ ला बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. तेव्हा इथे अमरावतीत आणि तिकडे अकोल्यातही आपल्याच काही मित्रांनी ‘बरं झालं’ असं स्टेटस ठेवलं. धुळ्यात ६ जानेवारी २०१३ ला पोलीस गोळीबारात सहा मुस्लिम तरुण गेले, त्याचा हिशेब मात्र हेच मित्र आजही मागतात.

मी सॉफ्टवेअरवाला. आपल्याला हवं तेच उत्तर देणाऱ्या टेस्टला मी टेस्ट म्हणत नाही. मेलेला कोण होता, हे विचारायचंच नाही. ट्रिगर दाबला त्या क्षणी कुणाचा जीव धोक्यात होता का? दुसरा मार्ग उरला होता का? एवढंच विचारायचं.

बदलापूर प्रकरणात पोलीस म्हणाले, स्वसंरक्षण. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने तो बळाचा वापर असमर्थनीय ठरवला. म्हणूनच सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र’ निकालात चकमकीतल्या मृत्यूसाठी एफआयआर, स्वतंत्र तपास आणि दंडाधिकारी चौकशी सांगितली आहे.

उद्या आपल्या मोहल्ल्यात गोळी चालली तर आपण हेच मागू. मग आज नावडत्या माणसासाठीही मागा.