चष्मा उतरविण्यापूर्वीं

(नभोवाणीवरील भाषण)



उमरीसारख्या लहान गांवीं मुलांना गणित शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. वैद्यकाशीं माझा संबंध रोगी म्हणून आला तेवढाच. तेव्हां नेत्रशस्त्रक्रियेवर एका सेवानिवृत्त मास्तरानें बोलावें याचें आपणांस नवल वाटेल. परंतु आमच्या घरांत एक प्रसंग असा आला कीं, त्यामुळें हा धडा मला उतारवयांत गिरवावा लागला.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी तेवीस वर्षांची. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे पांच. तिचें लग्न ठरलें, तेव्हां वराकडील एका वडील बाईंनीं सहज विचारलें, "चष्मा काढतां येत नाहीं का?" तो सहज प्रश्न आमच्या घरांत आज्ञा होऊन बसला. लग्नास महिना उरलेला. भावानें जाहिरात वाचून मुलीस एका शहरीं नेलें. तेथें तिचा नंबर पाहिला, खर्चाचा आंकडा सांगितला आणि येत्या सोमवारची वेळ दिली. घरीं आल्यावर मुलगी मला म्हणाली, "काका, तुम्ही शाळेंत प्रत्येक उत्तराचा ताळा करायला लावत होतां. माझ्या डोळ्यांचा ताळा कोणी केला?" हा प्रश्न मला लागला. दुसऱ्याच दिवशीं आम्ही रेल्वेनें नांदेडास जाऊन एका नेत्रतज्ज्ञांस भेटलों. पुढें जें सांगतों तें बहुतेक त्यांच्यापाशीं बसून शिकलेलें आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करूं. आमच्याकडे डोळ्याच्या कोणत्याही शस्त्रक्रियेस लोक 'लेझर' म्हणतात. लातूर जिल्ह्यांतील माकेगांवचे डॉ. तात्याराव लहाने यांना २००८ सालीं पद्मश्री मिळाली, ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं प्रसिद्ध आहेत. मोतीबिंदूंत डोळ्याच्या आंतील गढूळ झालेलें भिंग काढून कृत्रिम भिंग बसवितात. न काढल्यास दृष्टि जाते. चष्म्याच्या लेझरची गोष्ट निराळी. तेथें डोळा आजारी नसतो. चष्मा लावला कीं स्वच्छ दिसतें. म्हणजे ही गरजेची नव्हे, सोयीची शस्त्रक्रिया आहे. आणि सोयीसाठीं घाई कधींच करूं नये.

डोळ्याच्या पुढील बाजूस घड्याळाच्या कांचेसारखें एक पारदर्शक पटल असतें. प्रकाश वळविण्याचें सुमारें दोनतृतीयांश काम तेंच करतें. ज्यास दूरचें दिसत नाहीं, त्याचे प्रकाशकिरण मागील पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात. पटलाचा मध्य किंचित् झिजवून त्याची वक्रता कमी केली, कीं ते पडद्यावर येतात. मद्रासेंत १९२९ सालीं जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन व त्यांचे दोन सहकारी यांनीं अमेरिकेंत १९८१ सालीं दाखवून दिलें कीं, विशिष्ट अतिनील लेझरनें शेजारचा भाग न भाजतां सजीवाचें ऊतक कोरतां येतें. १९८३ त नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल यांच्यासह श्रीनिवासन यांनीं तो नेत्रपटलावर आजमावला.

आतां थोडें गणित. पटलाची जाडी साधारणतः अर्धा मिलिमीटर, म्हणजे सुमारें ५४० मायक्रॉन असते. लॅसिक पद्धतींत प्रथम सुमारें ११० मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात व त्याखालील भाग दर नंबरामागें सुमारें १४ मायक्रॉन झिजवितात. नंबर पांच, तर ७० गेले. ५४० मधून १८० वजा जातां ३६० उरले. खालीं निदान २५० उरलेच पाहिजेत. सावध डॉक्टर ३०० चा आग्रह धरतात. पटल मूळचें ४७० चें असेल तर हाच हिशेब २९० वर येतो. नंबर सारखा, पण उत्तर वेगळें! म्हणून केवळ नंबर पाहून तारीख देणें म्हणजे अर्धें उदाहरण वाचून उत्तर लिहिणें होय.

जाडीइतकाच आकार महत्त्वाचा. आमच्या मुलीच्या पटलाचा यंत्रानें नकाशा काढला, तेव्हां तें खालच्या बाजूस शंकूसारखें फुगूं लागल्याचें दिसलें. डॉक्टर म्हणाले, "ह्या डोळ्यावर लेझर चालविला तर पटल आणखी फुगेल, आणि मग चष्म्यानेंही नीट दिसणार नाहीं." तिला डोळे चोळण्याची संवय होती, तीही ह्या विकारास पोषक ठरते. विकार वाढूं नये म्हणून जीवनसत्त्व 'ब-२' चे थेंब व अतिनील प्रकाश यांनीं पटल बळकट करण्याचा उपचार त्यांनीं सुचविला.

हा विकार नसला तरी कांहीं गोष्टी पाहाव्या लागतात. वय अठराच्या वर असावें आणि नंबर निदान वर्षभर स्थिर असावा. डोळ्यांत बसविण्याचीं मऊ भिंगें तपासणीपूर्वीं एक-दोन आठवडे, कडक भिंगें त्याहून अधिक दिवस बंद ठेवावीं. नाहींतर मापें चुकतात. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं थांबावें. मधुमेह, संधिवात, डोळ्यांचा कोरडेपणा, चालू असलेलीं औषधें हें सर्व डॉक्टरांस न लपवितां सांगावें. फौजेंत वा पोलिसांत जाऊं इच्छिणाऱ्यानें भरतीचे नियम आधीं वाचावे. कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्यानें तेंही सांगावें. कारण जोराच्या आघातानें पापुद्रा पुढेंही सरकूं शकतो. अशांना पापुद्रा न उचलण्याची पद्धति बरी पडते, मात्र तींत पहिले कांहीं दिवस वेदना अधिक.

शस्त्रक्रिया थोड्या मिनिटांची असते. थेंबांनीं डोळा बधिर करतात. रोगी जागाच असतो. नंतर कांहीं आठवडे, कित्येकांस कांहीं महिने, डोळे कोरडे वाटतात व रात्रीं दिव्यांभोंवतीं वलयें दिसतात. आमच्याकडील उन्हाळा व धूळ लक्षांत घेऊन दिवस निवडावा.

आणि चष्मा गेला म्हणजे डोळा नवा झाला असें समजूं नये. चाळिशीनंतर वाचण्याचा चष्मा लागतोच. मोठ्या नंबराच्या डोळ्याचा मागील पडदा सुटण्याचा धोका कायम राहतो. विजेसारखे चमकारे किंवा डोळ्यापुढें पडदा आल्यासारखें दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. शस्त्रक्रियेपूर्वींच्या मापांचे कागद जन्मभर जपावे. पुढें मोतीबिंदू झाल्यास कृत्रिम भिंगाचा हिशेब त्यांवरून अचूक होतो. शिवाय पटल पातळ झाल्यानें डोळ्याचा दाब मापनांत कमी दिसतो, हेंही नव्या डॉक्टरांस कळलें पाहिजे.

आमच्या मुलीचें काय झालें? भावानें पाहुण्यांकडे जाऊन, कांहीं न लपवितां, सर्व हकीकत सांगितली. लग्न ठरल्या तिथीस झालें. अंतरपाट दूर झाला तेव्हां तिच्या डोळ्यांवर चष्मा होता, आणि त्या चष्म्यांतून तिला सारें स्वच्छ दिसत होतें. पुढें तिनें तो उपचारही करून घेतला.

ही शस्त्रक्रिया वाईट नव्हे. योग्य डोळ्यावर ती फार चांगलें फळ देते. पण जो डॉक्टर सर्व मापें घेऊन 'नाहीं' म्हणतो, त्याचेही उपकार मानावे. उत्तर पाहून आनंद मानण्याआधीं ताळा करावा, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.