एका इंजिनाची अनेक घरे



वाहनदुरुस्तीवर उपजीविका करणाऱ्यांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक कृतज्ञता व्यक्त करून, ज्या एका इंजिनावर आपल्यापैकी कित्येकांचे हात तयार झाले त्याच्याविषयीच मी आज बोलणार आहे.

फियाट आणि जनरल मोटर्स यांनी मिळून सिद्ध केलेले, २००३ साली अवतरलेले आणि पोलंडमधील बिएल्स्को-बियावा येथे घडू लागलेले हे १२४८ घन सेंटिमीटरांचे डिझेल इंजिन फियाटच्या घरी मल्टिजेट, ओपेलकडे सीडीटीआय, मारुतीत डीडीआयएस आणि टाटांकडे क्वाड्राजेट या नावाने नांदले. आपल्याकडे २००७ च्या जानेवारीत ते स्विफ्टमधून आले, पुढच्याच वर्षी इंडिका व्हिस्टात आणि त्यानंतर लिनिया व पुंटोत बसले. मारुतीसाठी ते मानेसरला, तर फियाट आणि टाटांसाठी आपल्या शिरूर तालुक्यातल्या रांजणगावी तयार होत असे.

दुसऱ्याच्या इंजिनावर आपले बोधचिन्ह लावणे ही उसनवारी होय, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. तो मला मान्य नाही. एका आवर्तनात इंधनाचा एकच मोठा फवारा न सोडता त्याचे पाचपर्यंत लहान फवारे करावयाचे, म्हणजे आधीच्या बारीक फवाऱ्याने ज्वलन हळुवार सुरू होऊन डिझेलचा तो कर्कश ठोका मवाळ होतो, ही योजना लहान मोटारीच्या किमतीत बसवायची तर तिचा खर्च लाखो इंजिनांवर वाटला जाणे अपरिहार्यच होते. शिवाय ६९.६ मिलिमीटरांचा बोअर आणि ८२ मिलिमीटरांचा स्ट्रोक सर्वत्र तोच असला, तरी साध्या टर्बोने ७५ आणि पाती फिरणाऱ्या टर्बोने ९० अश्वशक्ती देणारे हे यंत्र हलक्या स्विफ्टमध्ये जसे उसळी घेई तसे वजनदार लिनियात घेत नसे. दोन हजार फेऱ्यांच्या खाली त्याला येणारी सुस्ती तेवढी सगळीकडे सारखीच.

आपल्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट ही की, त्या सामायिकपणामुळे आपली विद्या गाडीबरोबर बदलली नाही. एका थंडीच्या सकाळी माझ्या गॅरेजात एक लिनिया ओढून आणली होती. केवळ स्विफ्टवर शिकलेल्या माझ्या शागिर्दाने त्या गाडीचे बॉनेट पूर्वी कधी उघडलेही नव्हते. त्याने लांब पेचकसाचे टोक टायमिंगच्या झाकणावर टेकवले, मूठ कानाशी धरली, मला स्टार्टर मारायला सांगितले आणि डोळे न उघडताच म्हणाला, "काका, चेन वाजतेय." झाकण काढले, तो चेन ताणलेली, गाईड झिजलेला आणि तळाशी डांबरासारखे काळे, वेळेवर न बदललेले ऑइल. त्या पोराची ती विद्या कोणत्याही बोधचिन्हाच्या मालकीची नव्हती.

परंतु कारखानदारांनी एकमेकांपाशी जे मोकळेपणाने वाटून घेतले, ते ग्राहकापासून आणि आपल्यापासून का लपवावे? तोच जिन्नस दोन पेट्यांत दोन क्रमांकांनी, दोन निरनिराळ्या किमतींना मी स्वतः विकत घेतला आहे. विक्रेत्याकडे विचारणा केली तेव्हा दोन्ही भाग एकच असल्याचा दाखला द्यायला तो राजी झाला नाही, आणि माझ्या गिऱ्हाइकाला, एका भाजीवाल्या गृहस्थाला, नाहक भुर्दंड पडला. ही वहिवाट अन्यायाची आहे, असे मी या व्यासपीठावरून स्पष्ट म्हणतो.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली. त्यांत बसवण्याचा खर्च लहान डिझेलला पेलण्याजोगा नव्हता, म्हणून आपल्या देशात हे इंजिन थांबले, आणि एका निर्णयासरशी कितीतरी मॉडेलांचे डिझेल रूप एकदमच मावळले. सामायिकपणाची ही दुसरी बाजूही मी झाकून ठेवणार नाही. मात्र त्या गाड्या रस्त्यावर आहेत, आणि अजून पुष्कळ वर्षे आपल्याच दारी येणार आहेत. म्हणून कोणता भाग कोणत्या गाडीत निर्धास्त चालतो याची, मी स्वतः बसवून खातरजमा केलेली नोंदवही सोबत आणली आहे. ती आता स्वागताध्यक्षांच्या स्वाधीन करतो. तिची कोरी पाने आपण आपल्या अनुभवाने भरावीत आणि पुढच्या संमेलनापूर्वी ती छापून प्रत्येक गॅरेजात पोहोचवण्याची तजवीज करावी, एवढी माझी विनंती आहे.