गेन कोणाच्या हातात?
(उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)

दरवर्षी मी सभागृहाच्या शेवटी, मिक्सरच्या टेबलामागे असतो. पुढे उभं राहून बोलायची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

2024 च्या नाट्यगीतांच्या संध्याकाळी आपल्या काकू गायल्या. नाव घेत नाही, त्यांना आवडायचं नाही. वय 82. पुढच्याच महिन्यात त्या मुलाकडे कायमच्या राहायला गेल्या. जाताना त्यांनी रेकॉर्डिंग मागितलं आणि ते द्यायची मला लाज वाटली. वरच्या प्रत्येक सुरावर आवाज फाटला होता. अनेकांनी विचारलं, "अरे, तू समोर बसून काय करत होतास?" त्याचंच उत्तर देतो.

पूर्वी प्रत्येक माइकची वायर स्टेजपासून मिक्सरपर्यंत यायची. त्या वर्षी आपण प्रथमच भाड्याने डिजिटल यंत्रणा आणली. तिच्यात माइक स्टेजवरच्याच एका पेटीत लागतात (हार्मोनियम नव्हे, लोखंडी पेटी!) आणि तिथून कॉम्प्युटर नेटवर्कची एकच केबल मागे येते. या पद्धतीचं नाव दांते. ऑडिनेट या ऑस्ट्रेलियन कंपनीने ती बनवली.

माइकमधून निघणारा विद्युतप्रवाह अगदी क्षीण असतो. त्याला उचलणारा प्रीअँप त्या पेटीत बसतो आणि किती उचलायचं ते म्हणजे गेन. त्यानंतर आवाजाचे आकडे होतात. गेन जास्त असेल तर आकडे करतानाच शेंडा कापला जातो. मग मी मागे फेडर खाली ओढला, तरी फाटका आवाज फक्त हळू ऐकू येतो, फाटका तो फाटकाच. काकूंनी तालमीत हातचं राखून गायलं होतं, कार्यक्रमात मोकळा गळा लावला. मी मिक्सरवरून गेन कमी करू लागलो, तर काही होईना. पेटीवर गेनची बटणंही नव्हती. धावत स्टेजवर जाऊन करणार काय!

चूक माझीच. लॅपटॉपवर दांते कंट्रोलरमध्ये मी कुठला माइक मिक्सरच्या कुठल्या चॅनलवर जाणार याच्या सगळ्या जोडण्या केल्या होत्या. आवाज आला, म्हणून मी निश्चिंत झालो. पण आवाज येणं आणि हुकूम जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिक्सरच्या स्वतःच्या उपकरणांच्या यादीत ती पेटी मी नोंदवलीच नव्हती. त्यामुळे तिचा आवाज मिक्सरला मिळत होता, तिच्या गेनवर त्याचा ताबा नव्हता. इथल्या निम्म्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे ऐकून हसू येत असेल. येऊ द्या.

दोन पेट्या असतील तर प्रत्येकीचा क्रमांक वेगळा लावावा लागतो, नाहीतर घोटाळा होतो. पेटी एका कंपनीची आणि मिक्सर दुसऱ्या कंपनीचा असेल, तर आवाज येईल, पण गेन हलेलच असं नाही. 2013 चं एईएस67 हे मानकसुद्धा आवाजाच्या देवाणघेवाणीपुरतंच आहे, प्रीअँपच्या ताब्याबद्दल त्यात काही नाही. भाड्याने घेताना हे आधी विचारावं, पैसे भरल्यावर नव्हे.

आणखी एक. रेकॉर्डिंगचा मिक्सर वेगळा असला, तरी प्रीअँप एकच. मी गेन कमी केला की तिकडेही आवाज पडतो. यासाठी 'गेन कॉम्पेन्सेशन' नावाची सोय काही पेट्यांत असते: प्रीअँपमध्ये कमी केलेलं पुढे आकड्यांत भरून काढते. मात्र एकदा कापला गेलेला शेंडा तीही परत आणत नाही. म्हणून यंदा ठरवलं आहे की गेनला हात एकानेच लावायचा, दुसऱ्याने आपापल्या मिक्सरवर डिजिटल पातळी सांभाळायची.

आणि परीक्षा? अगदी सोपी. माइक न लावलेला एक चॅनल बंद ठेवून मागून 48 व्होल्ट द्यायचे आणि स्टेजवर उभ्या असलेल्या पोराला विचारायचं, "पेटीवर त्या नंबरचा दिवा लागला का?" लागला, तर हुकूम पोचतोय. परवा लागला! पोराने तिथूनच अंगठा दाखवला.

काकू यंदा दोन दिवसांसाठी येणार आहेत. शनिवारी पाच वाजता त्यांची चाचणी आहे. त्यांना सांगितलंय, तालमीत राखून गायचं नाही. पेटीवाले आणि तबलजी, तुम्ही पावणेपाचला या.