तिसऱ्या घंटेपूर्वी



नाटकाची तिसरी घंटा ज्याच्या सांगण्यावरून होते, त्याचे नाव प्रेक्षकांना क्वचितच ठाऊक असते. रंगमंच व्यवस्थापक विंगेच्या अंधारात उभा असतो. नेपथ्याची मांडणी, प्रकाशाचे व संगीताचे संकेत, प्रॉपर्टीची यादी, नटांच्या येण्याजाण्याच्या वेळा, हे सर्व त्याच्या वहीत नोंदलेले असते. रंगभूमी कोणाची, हा प्रश्न परिसंवादांतून पुष्कळ चर्चिला जातो. त्याचे उत्तर मात्र बहुधा या वहीतच लिहिले जाते.

मराठी रंगभूमीचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. विष्णुदास भावे यांचे 'सीतास्वयंवर' १८४३ मध्ये सांगलीला झाले. त्यानंतर बारा वर्षांनी, १८५५ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. रंगमंच होता, परंतु नाडलेल्या शेतकऱ्याच्या कैफियतीला त्यावर जागा नव्हती. स्त्रियांची कथा थोडी निराळी. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी अवघा महाराष्ट्र मोहून गेला, आणि ते वैभव थोरच होते; तरीही 'नाट्यमन्वंतर'ने १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' सादर केले, तेव्हा स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या, ही गोष्ट नवलाईची ठरली. तमाशाच्या फडात स्त्रिया त्याआधीपासूनच नाचत-गात होत्या. त्यांना कलावंत म्हणण्यास पांढरपेशा समाज सहजासहजी राजी नव्हता, हे येथे विसरता येत नाही.

आज रंगमंचावर स्त्री आहे. पण प्रकाशयोजनेच्या शिडीवर, नेपथ्य उभारणाऱ्या हातांत ती किती वेळा दिसते? कौशल्य नाही म्हणून ती दिसत नाही, असे नव्हे. प्रयोग मध्यरात्रीच्या सुमारास संपतो, सामान उतरवून ट्रकमध्ये भरेपर्यंत आणखी वेळ जातो, आणि घरी पोहोचविण्याची सोय कोणी लावलेली नसते. ही अडचण नाट्यशास्त्राची नाही, वेळापत्रकाची आहे, म्हणजेच व्यवस्थापकाची. लैंगिक छळासंबंधीच्या २०१३ च्या कायद्याने मालकाने पुरविलेले वाहनही कामाची जागा मानले आहे. दौऱ्याची बस ही त्यामुळे रंगमंचाइतकीच त्याच्या लक्षात असावी लागते. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील, तेथे अंतर्गत समिती नेमणे मालकावर बंधनकारक आहे. तक्रार कोणाकडे करावयाची, हे पहिल्याच तालमीत सांगण्यास पाच मिनिटे पुरतात.

दिव्यांग कलावंतांच्या बाबतीत तर लहान गोष्टीच निर्णायक ठरतात. कर्णबधिर नटाला तिसरी घंटा ऐकू येत नाही. विंगेत छोटा दिवा लावून त्याच संकेताची खूण देता येते. दृष्टिहीन नटासाठी रंगमंचाच्या कडेपासून हातभर आत जाड सुतळी चिकटविली, की ती त्याच्या पावलांना कळते. दोन्ही उपायांना खर्च फारसा नाही. चाकाच्या खुर्चीचे तसे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सार्वजनिक इमारती सुगम असाव्या लागतात. परंतु नाट्यगृहातील उतार प्रेक्षागृहापाशीच संपत असेल, तर चाकाच्या खुर्चीतला माणूस नाटक पाहू शकतो, करू शकत नाही. मग फळ्यांचा तात्पुरता उतार बनवावा लागतो, आणि त्याचा चढ फार उभा ठेवून चालत नाही. रंगपटाचे दार खुर्ची जाईल इतके रुंद आहे की नाही, तेही मोजून घ्यावे लागते. हे माप वहीत दौरा ठरतानाच पडले पाहिजे. प्रयोगाच्या संध्याकाळी सुतार मिळत नाही.