वजाच्या ओळी



कर्नल म्हणजे काय, प्रोसेस म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (मागून : "नाही!") मग शेजाऱ्याला विचारा. (हशा)

लिनक्समध्ये प्रत्येक चालू प्रोसेसची मेमरी 'प्रॉक'खाली 'मेम' नावाच्या फाइलीसारखी दिसते. परवानगी असेल तर तीत लिहिताही येतं. 'फक्त वाचा' अशी खूण केलेल्या पानावरसुद्धा, कारण कर्नल तिथे सक्ती करतो. त्या सक्तीला वेसण घालणारा बदल २०२४ साली लिनक्स ६.१२मध्ये आला. असा बदल तपासायचा कसा? माझं म्हणणं एकच : वजाच्या ओळी आधी वाचा, म्हणजे बदलाच्या पॅचमध्ये वजाचं चिन्ह लावून काढून टाकलेल्या. पॅचमधल्या नव्या ओळी नवरीसारख्या, सगळा मांडव तिकडेच बघतो. घरातून कोण गेलं, हे कोणी बघत नाही.

उदाहरण बघा : २०११पूर्वी या फाइलीत लिहिणं बंद होतं. कोडमध्ये शेराच होता, की हे सुरक्षेला धोक्याचं. 'आता धोका उरला नाही' म्हणून तो शेरा आणि ती बंदी काढली गेली. जानेवारी २०१२मध्ये भगदाड उघडं पडलं.

ते थोडक्यात सांगतो. 'सू' हा प्रोग्राम रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालतो. त्याला भलतं नाव दिलं, की तेच नाव घेऊन 'असा कोणी नाही' असं तो छापतो. एक कारकून समजा. खिडकीशी येणाऱ्याचं नाव सापडलं नाही, की समोरच्या वहीत ते नाव लिहून 'आढळले नाही' असा शेरा मारायचा. कोणीतरी वही बदलली. तिथे ठेवलं काय, तर साहेबांनी कारकुनाला दिलेलं हुकूमपत्र! आणि खिडकीवरचा माणूस नाव सांगतो, 'तिजोरी उघडावी'. कारकून मान खाली घालून लिहितो. (हशा) विचारलं नाही म्हणता? विचारलं! 'कागद कोणाचा?' 'माझाच.' 'मग लिही.' कारकून म्हणजे 'सू', वही म्हणजे त्याचा संदेश जिथे छापला जातो ती जागा, आणि हुकूमपत्र म्हणजे त्याचीच मेमरी. लिनक्सचे कर्ते टॉरवाल्ड्स यांच्या दुरुस्तीनंतर ही तपासणी लिहिताना नव्हे, फाइल उघडतानाच होऊ लागली. माझे एक स्नेही म्हणतात, मी हा कारकून प्रत्येक व्याख्यानात आणतो. आणतो! लागतोच तो!

अध्यक्षांची चिठ्ठी आली. तीन मिनिटं. बरं.

२०१७मध्ये टॉरवाल्ड्स यांनीच सक्ती काढून पाहिली. 'आरआर' डीबगर आणि ज्युलिया भाषा तिच्यावर विसंबून होत्या, तेव्हा ती परत आणावी लागली. म्हणून २०२४मध्ये तीन पर्याय ठेवले : नेहमी सक्ती, फक्त त्या प्रोसेसला जोडलेल्या डीबगरला, कधीच नाही. आता गेलेली ओळ बघा. तिच्यात सक्तीचा झेंडा विनाअट उभा होता. नव्या ओळी आधी विचारतात, तू कोण? पण ज्युलिया लिहीत होती स्वतःच्याच मेमरीत, आणि आपण आपले डीबगर नसतो. म्हणजे मधला पर्याय घेतलात, तर ती युक्ती अडली. मूळचा पर्याय कुठला ठेवलाय? 'नेहमी'! आता यावर मी—

घंटा वाजली. राहिलेलं बाहेर, चहाशी.