वाळवंटी शहरात उन्हाळ्यात जाताना काय घालावे?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला "तुझ्या क्षेत्राविषयी काहीतरी बोल" असं सांगितलं होतं. पण सॉफ्टवेअरबद्दल मला आपल्या ग्रुपवर आजवर कोणी काही विचारलेलं नाही. दर मार्च-एप्रिलमध्ये प्रश्न येतो तो एकच : "आई-बाबा जूनमध्ये फिनिक्सला दादाकडे चाललेत, बॅगेत कपडे कोणते भरू?" मी गेली बरीच वर्षं ॲरिझोनात, फिनिक्सच्या शेजारी राहते. म्हणून आज याच प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना एकदम देते. समोर बसलेल्या सर-बाईंपैकीही काही जण मुलांकडे जाणार आहेत, त्यांच्याही ते कामी येईल.

आपण विदर्भातली माणसं. ४५ अंशांचं आपल्याला कौतुक नाही. पण आपल्याकडे जूनमध्ये पाऊस येतो आणि सुटका होते. फिनिक्समध्ये जूनला खरा उन्हाळा सुरू होतो आणि तो सप्टेंबरपर्यंत हटत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला होता. रात्रीही कितीदा तो ३० च्या खाली येत नाही. त्या एका वर्षात फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तिथे ६४५ मृत्यूंशी उष्णतेचा संबंध असल्याची नोंद झाली. तेव्हा हा प्रश्न फॅशनचा नाही.

आता विज्ञानाच्या तासाची आठवण काढू. माठातलं पाणी गार का होतं? बाहेर पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. आपलं शरीर म्हणजे असाच एक माठ. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर साधारण २४०० किलोज्यूल उष्णता शरीरातून निघून जाते. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम झाली की ती उलट आपल्यालाच तापवते. मग गार व्हायला घामाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही.

फिनिक्सची हवा जूनमध्ये इतकी कोरडी असते की घाम आला तसा उडून जातो. अंग ओलं लागतच नाही. नवखा माणूस म्हणतो, "इथे घामच येत नाही, आपल्यापेक्षा बरं आहे." धोका तिथेच आहे. शरीरातलं पाणी चाललेलं असतं, फक्त दिसत नाही. वय झालं की तहानही कमी लागते. त्यामुळे आई-बाबांना "तहान लागली की प्या" असं सांगून भागत नाही, बाटली हातात द्यावी लागते.

यातूनच कपड्यांचं उत्तर निघतं. गरम होतंय म्हणून बाह्या आणि पाय उघडे टाकायचे नाहीत. आपल्याकडे उन्हात निघताना डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळतात, तेच शहाणपण तिथे चालतं. लांब बाह्यांचा सैल सुती कुर्ता, सैल पायजमा किंवा सलवार, बाईमाणसांना मलमलीची किंवा पातळ सुती साडी. कपडा अंगाला चिकटलेला नको, आत हवा खेळली पाहिजे. नायलॉनच्या साड्या आणि घट्ट जीन्स घरीच ठेवा. डोक्याला चारही बाजूंनी कड असलेली हॅट आणा, कारण साध्या कॅपने कान आणि मान झाकत नाही. एक सुती दुपट्टा पर्समध्ये असू द्या. तो ओला करून मानेभोवती टाकला की घरातल्या कूलरसारखं काम करतो.

रंग कोणता? फिका बरा. पण रंगापेक्षा सैलपणाचं महत्त्व जास्त आहे. वाळवंटातले बेदुईन लोक काळे झगे का घालतात, यावर १९८० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, पण तो सैल असल्यामुळे जास्तीची उष्णता त्वचेपर्यंत पोचण्याआधीच निघून जाते, असं त्यात दिसलं. माझ्या घट्ट काळ्या टी-शर्टवाल्या मित्रांनी मात्र यावर खूष होऊ नये!

दुबईला जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथे समुद्र शेजारी आहे, हवा दमट. माठ जसा पावसाळ्यात काम करत नाही, तसा तिथे घाम सुकत नाही. जाड सुती कपडा ओला होऊन अंगाला चिकटतो. म्हणून लिनन किंवा अगदी पातळ सुती घ्या, आणि बदलायला एक जोड जवळ ठेवा. मॉलमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, ही तिथली रीतही सांभाळली जाते.

आता विसरल्या जाणाऱ्या गोष्टी. पहिली, पाय. भर दुपारी डांबर ६५ अंशांच्या वर तापतं, घसरून पडलेल्या माणसाची कातडी भाजते. पातळ चपला नकोत, जाड तळव्याचे बंद बूट हवेत. देवळात जाणार असाल तर मोजे जवळ ठेवा. दुसरी, धातू. उन्हात बांगड्या चटका देतात, गाडीच्या पट्ट्याचं बक्कलही देतं. तिसरी तर कोणाला पटतच नाही : स्वेटर! दुकानं, दवाखाने, सिनेमागृहं एसीने इतकी गार असतात की पाच मिनिटांत आई-बाबा कुडकुडतात. एक पातळ स्वेटर किंवा शाल हवीच.

शेवटचं आणि महत्त्वाचं. कपड्यांनाही मर्यादा आहे. फिनिक्समध्ये कॅमलबॅक डोंगराच्या पायवाटा अतिउष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी भर दिवसा बंद ठेवतात, कितीही चांगले कपडे घातले तरी. आई-बाबांची फिरण्याची हौस सकाळी सातच्या आत पुरी करा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. चक्कर, मळमळ, डोकेदुखी वाटली तर लगेच सावलीत, एसीत न्या. बोलणं असंबद्ध झालं तर वाट न पाहता ९११ ला फोन करा. हा नंबर त्यांच्या फोनमध्ये घालून द्या आणि कागदावर लिहून खिशातही ठेवा.

बाकी लोणची-पापड तुम्ही भरणारच आहात. त्यातली थोडी जागा दुपट्ट्याला ठेवा, एवढीच विनंती. आणि माझ्याकडे यायचंच असेल तर डिसेंबरात या, तेव्हा हवा छान असते आणि मी स्वतः फिरवीन.